मध्ये बोलायचं नाही

पंधरा दिवसांत मी ते बटण दोनशे बारा वेळा दाबलं. हा आकडा माझा नाही, यंत्राचा आहे. मला विचारलं असतं तर मी वीस-पंचवीस म्हणालो असतो, आणि विचारणाऱ्यालाच वर चार शब्द सुनावले असते.

मी मन्मथ हुडगे. लातुरात अकरावी-बारावीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवतो. शहरात पाण्याची रेल्वे आली त्या वर्षी मी नववीत होतो, त्यावरून वय काढा. घराच्या तळमजल्यावर क्लास, वरच्या मजल्यावर आम्ही. एका बॅचला एकशे ऐंशी पोरं बसतात आणि माझा आवाज सोडून दुसरा आवाज येत नाही. आला तर ज्याचा आला त्याला मी उभं करतो आणि त्याला पुन्हा बसावंसं वाटेपर्यंत बोलतो. लोक मला तापट म्हणतात. मी त्यांना बिनडोक म्हणतो, त्यामुळे फिट्टंफाट होते.

या गावात गप्प बसणं हाच मुख्य विषय आहे, बाकीचे विषय त्यानंतर. आणि माझी एकुलती एक मुलगी गिरिजा, वय वर्षं नऊ, तिला पाच मिनिटं एका जागी बसवत नव्हतं.

तिला एडीएचडी आहे, हे सहाव्या वर्षीच कळलं होतं. बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. तय्यबा काझी यांनी मला सोप्या शब्दांत सांगितलं होतं. मनात आलेली गोष्ट करण्याआधी तुम्ही-आम्ही क्षणभर थांबतो. हे थांबवण्याचं काम कपाळामागचा मेंदू करतो. गिरिजाचा तो भाग मंद नाही, फक्त त्याला उशीर होतो. तो जागा होईपर्यंत ती बोलून, पळून, तोडून मोकळी झालेली असते. त्यावर रोज सकाळी एक गोळी. त्या गोळीला मी नावं ठेवणार नाही. गोळीमुळे ती वाचायला शिकली, एका ओळीत लिहायला शिकली. पण दुपारची भूक मरायची, आणि चारच्या सुमाराला गोळी उतरली की ती घरभर उधळायची. नेमकी माझी मोठी बॅच चारला.

एकदा मी फळ्यावर बेंझिनचं कडं काढत होतो आणि ही धाडकन दार उघडून आत आली. "पप्पा, कोपऱ्यावरच्या कुत्रीला सहा पिल्लं झाली, एक पांढरं आहे." एकशे ऐंशी पोरं खदाखदा हसली. पुढचा महिनाभर मला वहीतून चिठ्ठ्या येत होत्या की सर, पांढरं पिल्लू बरं आहे का. मी वरवर हसलो. आतून मला त्या पोरीचा इतका राग आला होता की दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. नऊ वर्षांच्या मुलीवर असा राग धरणं हे मोठ्या माणसाचं काम नव्हे, पण तो होता, आणि आज लपवून उपयोग नाही.

मग शाळेचं पत्र आलं. वर्गाच्या शिस्तीला बाधा येते, तरी पालकांनी 'स्थिरा' पट्टीचा विचार करावा, अन्यथा पुढील वर्षी प्रवेशाचा फेरविचार होईल. विनंतीच्या भाषेत धमकी कशी द्यावी हे त्या मुख्याध्यापकांकडून शिकावं.

स्थिरा ही त्या वेळी नवीच निघाली होती. आता एवढं केमिस्ट्रीच्या मास्तराकडून ऐकून घ्या. साधी गोळी पोटात विरघळते आणि औषध अंगभर जातं. लागणार असतं मेंदूच्या बोटभर जागेत, पण फिरतं सगळीकडे, म्हणून भूक मरते, झोप उडते. स्थिरामध्ये हेच औषध स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म बुडबुड्यांत भरलेलं असतं. सकाळी दोन चमचे सिरप प्यायचं. बुडबुडे दिवसभर रक्तातून फिरत राहतात, न फुटता, काही न करता. कानामागे रुपयाएवढी पट्टी चिकटवलेली असते. ती माणसाला ऐकू न येणारा ध्वनी कपाळामागच्या त्या बोटभर जागेवर नेमका सोडते. तिथून जाणारे बुडबुडे तेवढे फुटतात, आणि हवं तिथं, हवं तेव्हा औषध मिळतं. भूक शाबूत, झोप शाबूत. कल्पना झकास होती. ज्यांनी शोधली त्यांना मी आजही हात जोडीन.

पण हवं तेव्हा म्हणजे केव्हा, हे पट्टीला कोण सांगणार? ते घरच्यांनी सांगायचं. पट्टी मेंदूतल्या लहरी, नाडी आणि आजूबाजूचे आवाज टिपत असते. पहिले पंधरा दिवस ती काहीच करत नाही, फक्त शिकते. घरातल्या मोठ्यांकडे एकेक बटण दिलेलं असतं. मूल आवरायला हवं तिथं आवरलं नाही की बटण दाबायचं. त्याआधीच्या काही क्षणांत मुलाच्या डोक्यात आणि भोवताली काय चाललं होतं ते पट्टी लक्षात ठेवते. सोळाव्या दिवसापासून तशीच वेळ जुळून येताना दिसली की मूल काही करायच्या आधीच बुडबुडे फुटतात आणि ऊर्मी तिथल्या तिथे विरते.

डॉ. काझींनी बटणं देताना मला आणि माझ्या बायकोला, संज्योतला, समोर बसवून सांगितलं होतं. "तीनच गोष्टींसाठी दाबायचं. रस्त्यात पळत सुटली, आगीत किंवा विजेत हात घातला, कुणावर हात उगारला. बाकी कशासाठीही नाही. पट्टीला चांगलं-वाईट कळत नाही, सर. तुम्ही शिकवाल ते ती शिकेल."

एकशे ऐंशी पोरांना शिकवणाऱ्याला शिकवणं म्हणजे काय ते सांगतेय, असं मला वाटलं. मी मान डोलावली. चार बटणं घेतली. एक मला, एक संज्योतला, एक शाळेतल्या वर्गशिक्षिकेला आणि एक अप्पांना.

अप्पा म्हणजे माझे वडील. एस.टी.त कंडक्टर होते. वय अठ्ठ्याहत्तर, साखर जुनी, मूत्रपिंडं थकलेली. त्यांच्या दंडाला आम्ही साखर मोजणारी चकती लावून पाहिली होती, ती त्यांनी दुसऱ्या दिवशी उपटून खिडकीबाहेर फेकली. अंगाला यंत्र चिकटवून घेणार नाही म्हणाले. त्यामुळे आमच्या घरात एक पद्धत पडली होती. दुपारी एकला अप्पा इन्सुलिनची सुई टोचून घेत. गिरिजा त्यांच्याजवळ बसून ते बघे. सुई टोचून झाली की ती खोलीतून पळत निघे आणि ओरडे, "अप्पांनी सुई घेतली." ते ऐकून संज्योत तवा ठेवी. वीस मिनिटांत ताट पुढे यायलाच हवं, नाहीतर साखर एकदम खाली जाईल, असं डॉक्टरांनी बजावलेलं होतं. घंटीची दोरी ओढल्याशिवाय गाडी हलत नाही, तसं ते होतं, आणि अप्पांना ते फार आवडायचं.

पहिला दिवस मी नियमाने वागलो. दुसऱ्या दिवशी परभणीच्या एका पालकांचा फोन चालू होता. मी त्यांना तुमचा मुलगा डॉक्टर होणार नाही हे समजावत होतो. तेवढ्यात ती आरोळी आली, पालकांनी विचारलं की काय झालं, आणि माझा तोल गेला. मी बटण दाबलं. खरं सांगतो, बरं वाटलं. आतापर्यंत ओरडून जे होत नव्हतं ते अंगठ्याने होणार होतं.

मग मी थांबलोच नाही. मी बोलत असताना ती मध्ये बोलली, दाबलं. पाहुणे बसायच्या आत तिने ताटातला पापड उचलला, दाबलं. मी संज्योतला म्हणालो की मी असं कधी म्हणालोच नव्हतो, आणि ही म्हणाली, "पप्पा, तुम्ही काल म्हणाला होता," तेव्हा तर दोनदा दाबलं. मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हे आम्हाला आमच्या लहानपणी पाठीत धपाटे घालून शिकवलं होतं. इथं धपाटा नव्हता, रडारड नव्हती. मला तर वाटलं, आपण किती सुधारलोय.

संज्योत माझ्यापेक्षा कमी दाबत होती, पण दाबत होती. वर्गशिक्षिकेचं काय सांगू, चाळीस मुलांच्या वर्गात तिच्या हातात असं बटण देणं म्हणजे काय होणार होतं? अप्पांनी मात्र एकदाच दाबलं. गिरिजा गच्चीवर पाण्याच्या टाकीची शिडी चढत होती तेव्हा. त्यानंतर त्यांनी ते चष्म्याच्या डबीत ठेवून दिलं.

सोळाव्या दिवशी घर बदललं. गिरिजा हसायची, खेळायची, जेवायची. गुंगी नाही की मरगळ नाही. फक्त मोठं माणूस बोलत असलं की ती जवळ येऊन उभी राही, शाळेत करतात तसं एक बोट वर करी आणि वाट बघे. बोलणं थांबलं की "बोलू का?" असं विचारी. येणारा-जाणारा कौतुक करून थके. शाळेने तिला शिस्तीचं प्रशस्तिपत्र दिलं आणि मी ते क्लासच्या भिंतीवर लावलं. दुपारची आरोळी गेली, पण ती स्वयंपाकघराच्या दारात बोट वर करून उभी राहिली की संज्योतला कळायचं, ती तवा ठेवायची. म्हणून कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

एकटे अप्पा कुरकुरले. "लेकरू बोलायचं बंद झालंय की रे, मन्मथ," असं एका संध्याकाळी ते म्हणाले. मी म्हणालो, बंद कुठं झालंय, वेळ बघून बोलते. त्यावर ते म्हणाले, "या घरात बोलायला वेळ कधी मिळते? तू आणि तुझी बायको भांडायचं थांबलात तर." मी त्यांना म्हातारपणी जास्त बोलू नका म्हणालो. बापाला असं बोललो, आणि तेच आमचं शेवटचं धड बोलणं ठरलं.

त्यानंतरच्या रविवारी उदगीरहून माझी मोठी बहीण आली, महानंदा अक्का. अक्का माझ्याहून वरचढ आहे. ती यायची म्हटली की संज्योतच्या कपाळाला आदल्या दिवसापासून आठ्या असतात. बाराच्या पुढे जेवणाची तयारी चालू होती. अक्काने गिरिजाच्या कानामागची पट्टी पाहिली आणि म्हणाली, "आपल्या घराण्यात असलं कुणी नव्हतं माय."

एवढंच पुरे होतं. संज्योत पीठ मळत होती, हात तसेच पिठाचे, आणि तिने विचारलं की मग तुमचा भाऊ काय आहे? परवाच यांनी फोन भिंतीवर आपटून फोडलाय. अक्काने संज्योतच्या अहमदपूरच्या भावाचा विषय काढला, ज्याने तीन नोकऱ्या सोडल्या. संज्योतने माझे जुने किस्से काढले, मी दहावीत वर्गाची काच बुक्कीने फोडली होती तो, आणि लग्नाच्या मांडवातून रुसून गेलो होतो तो. मुलीचं हे दुखणं कुणाच्या रक्तातून आलं, यावर आम्ही तिघं शिकलेली माणसं स्वयंपाकघराच्या तोंडाशी उभं राहून गळ्याच्या शिरा ताणत होतो. मला त्यातलं सगळं आठवतं. किती वाजले हे तेवढं आठवत नाही.

भांडण ऐन रंगात असताना गिरिजा दारात येऊन उभी राहिली. बोट वर. मी तिला पाहिलं. अक्कानेही पाहिलं, कारण मीच तिला दाखवलं. मी म्हणालो, "बघ, अक्का. कशी उभी आहे. मोठी माणसं बोलतायत म्हणून शब्द काढत नाही. याला वळण म्हणतात. तुझ्या पोरांना आहे का?" आणि आम्ही अक्काच्या पोरांवर आलो, आणि पुढे चालू राहिलो.

पुन्हा पाहिलं तेव्हा ती दारात नव्हती. गेली असेल खेळायला, असं वाटलं.

शेवटी संज्योत रडत आतल्या खोलीत गेली आणि घर शांत झालं. त्या शांततेत गिरिजा आली. बोट वर होतंच. "पप्पा, बोलू का?" मी हो म्हणालो. "अप्पांनी सुई घेतली. केव्हाच."

दोन वाजून एकवीस मिनिटं झाली होती. अप्पा पलंगावर आडवे होते, सदरा घामाने चिंब. गिरिजाने पंखा पाचवर केला होता आणि उशाशी पाण्याचा भरलेला ग्लास ठेवला होता. मी साखर त्यांच्या ओठांना लावली, गालात कोंबली, ती तशीच बाहेर आली. दवाखान्यात मोजली तेव्हा रक्तातली साखर अठ्ठावीस होती. सलाईनमधून साखर चढवली, आकडा वर आला, अप्पा आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी गेले.

माझ्या डोक्यात तेव्हा काय आलं ते सांगतो, कारण त्यासाठीच हे लिहितोय. मला पोरीचा राग आला. एवढं कळत होतं तर ओरडायचं नाही का? माती देऊन आल्यावर अंघोळ करताना मी हेच स्वतःशी पुटपुटत होतो. ओरडायचं नाही का. आणि साबण हातात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी डॉ. काझींकडे गेलो. पट्टी दिवसभराची नोंद त्यांच्या दवाखान्यात पाठवते, ती मला बघायची होती. त्यांनी पडद्यावर रविवार उघडला. एक वाजून नऊ मिनिटांनी पहिल्यांदा बुडबुडे फुटले होते. मग एक दहाला. मग त्याच मिनिटात पुन्हा. एक बावन्नपर्यंत अडतीस वेळा.

"म्हणजे अडतीस वेळा तिच्या तोंडात शब्द आला आणि आम्ही तो विरवला," डॉक्टर म्हणाल्या. त्या 'आम्ही' म्हणाल्या, 'तुम्ही' नाही. मी विचारलं, बावन्ननंतर काय, औषध संपलं का? त्या म्हणाल्या, "औषध होतं. तिने प्रयत्न सोडला."

त्या वेळात ती अप्पांकडे गेली असणार, पंखा पाचवर करायला.

मग त्यांनी शिकवणीच्या पंधरवड्याची नोंद काढली. त्यात प्रत्येकाची बेरीज होती. माझी दोनशे बारा. त्यातली धोक्याची नऊ. एकशे पंचेचाळीस वेळा बटण दाबलं तेव्हा पट्टीला जवळून एक मोठा आवाज ऐकू येत होता, आणि तो माझाच होता. पट्टी चुकली नव्हती. तिने अगदी पहिल्या बाकावरच्या पोरासारखा धडा पाठ केला होता. घरात चढलेले आवाज आणि पोरीच्या घशाशी आलेली आरोळी एकत्र दिसली की थांबवायचं. मीच शिकवलं होतं. अप्पांच्या नावापुढे एक होता.

मी डॉक्टरांवर चिडलो. असलं यंत्र घरात देताच कसं, आमच्यासारख्या माणसांच्या हातात? त्या शांतपणे म्हणाल्या की हा प्रश्न त्यांनी कंपनीला दोनदा लिहून विचारलाय, आता तिसऱ्यांदा या नोंदीसकट विचारतील. आणि मग म्हणाल्या, "पण सर, तीन गोष्टी मी तुम्हाला सांगितल्या होत्या." मी त्या नोंदीचा कागद मागून घेतला आणि उठलो.

घरी आलो तर बैठकीत सगळे नातेवाईक जमलेले. मधोमध अक्का. ती बोलत होती आणि बाकीचे माना हलवत होते. "मी स्वतः बघितलं तिला. दारात उभी होती की. एवढी नऊ वर्षांची घोडी, आजा मरायलाय आणि ही उभी. दगड आहे पोरगी." काकू, मावशा, उदगीरचे शेजारी, सगळ्यांच्या नजरा एका कोपऱ्याकडे गेल्या. तिथं अप्पांच्या रिकाम्या पलंगाशी गिरिजा बसली होती. बोट वर केलेलं. तिला काहीतरी सांगायचं होतं आणि अक्का थांबत नव्हती.

मी गप्प बसलो असतो तर काही बिघडलं नसतं. चार दिवसांत माणसं पांगली असती. गिरिजा तेवढी जन्मभर आजोबांना मरताना बघत उभी राहिलेली पोरगी झाली असती. लोक हे असं तोंडावर बोलत नाहीत. ते लग्न ठरवताना आठवतात, भांडताना आठवतात. आणि खरं सांगायचं तर क्षणभर मला ते सोयीचं वाटलं.

मी तिच्याकडे गेलो आणि कानामागची पट्टी सगळ्यांसमोर काढली. मग नोंदीचा कागद वाचून दाखवला. एक वाजून नऊ, एक वाजून दहा, असे अडतीस आकडे, एकही न गाळता. कशासाठी आणि किती वेळा बटण दाबलं ते सांगितलं. तिचं वर केलेलं बोट मी कौतुकाने दाखवलं होतं, हेही सांगितलं. संज्योत भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "माझं एकशे तीस आहे. तेही सांगा."

अक्का उठली. "म्हणजे अप्पांना मी मारलं म्हणायलास तू?"

"तू नाही. मी. पण पोरीला पुन्हा दगड म्हणालीस तर या घरात पाय ठेवू नकोस."

ती न जेवता त्याच पावली उदगीरला गेली. त्यानंतर आमचं बोलणं नाही. मला त्याचं दुःख आहे असं म्हणणार होतो, पण तेवढं नाही. शाळेनेही पट्टीविना मुलगी चालणार नाही असं कळवलं. मी जाऊन मुख्याध्यापकांशी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. गिरिजा आता नगरपालिकेच्या शाळेत जाते. तिथं गोंगाट आहे.

डॉ. काझींनी तिला पुन्हा जुनी गोळी सुरू केली, कमी मात्रेत, जेवणानंतर. ती लागू पडते. पण बोट खाली येत नव्हतं. पट्टी काढली तरी मेंदूने घेतलेली सवय राहते, असं डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यावर त्यांच्याकडे औषध नव्हतं. त्यांनी आम्हाला गृहपाठ दिला. रोज दुपारी जेवताना आम्ही दोघांनी बोलत राहायचं आणि गिरिजाने मध्ये तोंड घालायचं. ती तोंड घालत नाही तोवर आम्ही थांबायचं नाही. चार चांगल्या घरांत जे मुलाला शिकवावं लागत नाही, ते आम्ही घड्याळ लावून शिकवत होतो.

महिनाभर काही झालं नाही. आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारायचो, तिचं बोट वर, डोळे आमच्या तोंडांकडे, कधी संपतंय म्हणून. भाकरी गार व्हायची. मी तिला म्हणायचो, बोल गं, मध्ये बोल, आणि ती म्हणायची, "तुमचं झालं का?"

काल मात्र गृहपाठाचं भांडण खरं झालं. कुठून सुरू झालं आठवत नाही, बहुतेक मिठावरून. संज्योत म्हणाली की तुम्ही कागद वाचलात तेव्हा सगळ्यांना तुम्ही मोठे वाटलात, माझं काय? मी म्हणालो, मग तू वाचायचा होतास. माझा आवाज चढला, तिचा चढला, ताटं तशीच राहिली. गिरिजाचं बोट वर गेलेलं मी पाहिलं. तिच्या गळ्यापाशी काहीतरी हललेलंही पाहिलं. आणि त्याच वेळी मला जाणवलं की माझा उजवा हात खिशात आहे. बटण कधीच परत केलं होतं. खिशात खडूचा तुकडा होता आणि अंगठा तो दाबत होता.

गिरिजा माझ्या खिशाकडे बघत होती.

मी हात बाहेर काढला. दोन्ही हात टेबलावर ठेवले, पंजे उघडे, तिला दिसतील असे. आणि भांडण थांबवलं नाही. ती घाबरेल असं वाटत होतं, तरी आवाज खाली आणला नाही. संज्योतला वाटेल ते बोलत राहिलो, कारण मी थांबलो असतो तर गिरिजाला मध्ये बोलता आलं नसतं.

ती खुर्चीवरून उठली. बोट खाली आलं. आणि पट्टीच्या आधीच्या आवाजात, सगळ्या घराला ऐकू जाईल असं ती ओरडली, "अप्पांनी सुई घेतली."

संज्योत सवयीनं उठली, गॅस पेटवून तवा ठेवला, परातीत पीठ काढलं, आणि तिथंच उभी राहिली. तवा तापत होता. माझे हात टेबलावरच होते.